साक्षीदार ब

आमच्या घरात टंकलेखन यंत्र आलं आणि आईची दुपारची झोप कायमची गेली. प्रांत कचेरीतलं जुनं सामान निकालात निघालं तेव्हा अण्णांनी ते हातगाडीवर घालून लाईन आळीतून घरी आणलं होतं, आणि स्वतः मागून छत्री धरून चालत आले होते, जणू यंत्राला ऊन लागेल. अण्णा त्या कचेरीत अव्वल कारकून होते. मी मराठी टंकलेखनाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले होते आणि पुढे काय करायचं हे घरात कोणालाच सुचत नव्हतं. म्हणून पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल लागलं, टेबलावर यंत्र बसलं, यंत्रामागे मी बसले आणि दारावर अण्णांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली. आईचं स्वयंपाकघर लगेच मागे होतं. तिची फोडणी आणि माझी कळफलकावरची टकटक यांची दिवसभर चढाओढ चाले, आणि टाईप केलेल्या कागदांना लसणीचा वास लागे. पुढे कचेरीतले लोक म्हणत, हा अर्ज तुमच्या घरून आलाय हे नाकाला कळतं.

काम पुष्कळ यायचं. गावाबाहेर नवं शहर उठत होतं, आणि शहर उठायचं म्हणजे आधी कागद उठतात. वारसाचे दाखले, भाड्याचे करार, मृत्युपत्रं, हरकती, विनंत्या. लोक बाकावर बसून आपली हकिगत सांगत, मध्येच भलतीकडे जात, डोळे पुसत, आणि मी ते सगळं गाळून चार सरळ परिच्छेद करत असे. लोक बोलायचे ते मी लिहीत नव्हते. त्यांना काय म्हणायचं आहे ते लिहीत होते, निदान मला तसं वाटे. शाळेत निबंधाला माझा नंबर पहिला असायचा. 'विनम्र', 'सदरहू', 'साकल्याने विचार व्हावा' असले शब्द माझ्या बोटांतून आपोआप उतरत. मला त्याचा गर्व होता. आता या वयात तो कबूल करायला काही हरकत नाही, कारण पुढे जे झालं ते त्या गर्वातूनच झालं.

बाळू वाघमारे आमच्याकडे आला तो त्याच्या बायकोच्या ओळखीनं. जनी आमच्या आळीत रानभाजी विकायला येई. पावसाच्या तोंडावर शेवळं आणायची, जांभळट कोंबांच्या जुड्या, आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं, कारण ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. आई तिच्याकडून दोन जुड्या घ्यायची आणि तिला पायरीवर बसवून चहा द्यायची, वेगळ्या कपात. ओवे गावाच्या पलीकडे डोंगराच्या पोटात त्यांची कातकऱ्यांची वाडी होती. बाळू वीटभट्टीवर जाई, पण प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकला होता आणि त्या विद्येनं त्याला स्वस्थ बसू दिलं नव्हतं. मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे. घरात दुसरं कोणी म्हणत नसे, आणि याचाही मला अभिमान होता.

वाडीच्या वर खडीची खाण निघाली होती. नव्या शहराला खडी हवी होती, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा सुरुंग उडत आणि दगड वाडीच्या शाळेच्या कौलांवर येत. शाळा म्हणजे एक खोली, एक मास्तर. बाळूला अर्ज करायचा होता. तो बाकावर पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "ताई, लिवा. पोरांना साळंत धाडाया आमचा जीव व्हत नाय." मी क्षणभर विचार केला आणि लिहिलं : 'दहशतीमुळे पालक आपल्या पाल्यांना शाळेत पाठविण्यास धजावत नाहीत.' मग त्याला वाचून दाखवलं. 'धजावत' हा शब्द त्यानं दोनदा म्हणून पाहिला. मला परत वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. त्याचा चेहरा असा झाला, जणू स्वतःच्या घरात कधी न पाहिलेली चांगली वस्तू सापडावी. जनी नंतर सांगायची, की त्या अर्जाची प्रत तो वाडीत सगळ्यांना बसवून वाचून दाखवतो आणि ते वाक्य आता बायापोरांनाही पाठ झालंय. मी हसले होते. अर्जाचं पुढे काहीच झालं नाही. मग वाडीच्या बायका खाणीच्या रस्त्यावर येऊन बसल्या आणि दोन दिवस ट्रक थांबले. बाळू त्यांच्यात होता. त्याच्या हातात अर्जाची प्रत होती, असं अण्णांनीच जेवताना सांगितलं होतं, थोडं कौतुकानं, थोडं वैतागून.

शेलार हवालदार त्यानंतर कधीतरी आले. पोलीस ठाण्यात लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असे. साताऱ्याकडचे, सावकाश बोलणारे, मुलींना कधी नजर वर करून न बघणारे गृहस्थ. ठाण्याचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, अण्णासाहेब म्हणाले शुभाताई करून देतील, असं म्हणून त्यांनी हातानं लिहिलेले काही कागद टेबलावर ठेवले. आईनं पोहे दिले. ते पोहे खात बसले आणि मी टाईप करू लागले. दोन जबाब होते. एकावर 'साक्षीदार अ' आणि दुसऱ्यावर 'साक्षीदार ब'. नाव नाही, गाव नाही, तारखेची जागा मोकळी. ज्याच्याविरुद्ध जबाब होते त्याचंही नाव नव्हतं, फक्त 'सदर इसम'. इसमाचं नाव साहेब नंतर भरतील, हवालदार म्हणाले. साक्षीदार घाबरतात ना, ताई, म्हणून त्यांची नावं गुप्त ठेवायची असतात.

सदर इसम हातात कोयता घेऊन रस्त्यात उभा राहिला, मी इथला दादा आहे असं ओरडला, लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी दुकानं बंद केली. हा अ. खाली ब होता, आणि ब सुद्धा अगदी तेच म्हणत होता, त्याच शब्दांत, त्याच कोयत्यानं. मी थांबले आणि हवालदारांना सांगितलं, की हे दोन्ही एकच झालंय, उतरवताना चूक झाली असेल. त्यांनी बशी बाजूला ठेवून कागद बघितला आणि कपाळावर हात मारला. मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमचं मराठी चांगलंय, ताई. दुसऱ्याला जरा वेगळं करून द्या की."

मी वेगळं करून दिलं. इतकंच झालं. मी नको म्हणाले नाही, हे कसलं काम असंही विचारलं नाही. एखाद्याला त्याच्या वाडीतून, जिल्ह्यातून उचलून बाहेर फेकायला हे दोन कागद पुरतात हे मला माहीत नव्हतं, पण ते निबंध नव्हेत एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. शाळेत नागरिकशास्त्रात देशात कुठेही राहण्याचा आणि फिरण्याचा हक्क मी घडाघडा म्हणून दाखवत असे. त्या दिवशी त्यातलं काहीही मला आठवलं नाही. मला दिसला तो फक्त एक रटाळ मजकूर, दोनदा आलेला, आणि माझ्या हातात तो सुधारायची संधी. कोयत्याचा मी सुरा केला. दुकानांऐवजी घरांची दारं बंद केली. शेवटी अजून काहीतरी वजनदार हवं होतं, आणि बोटांशी एक तयार, पसंत पडलेलं वाक्य होतंच. 'सदर इसमाच्या दहशतीमुळे पालक आपल्या पाल्यांना शाळेत पाठविण्यास धजावत नाहीत.' हवालदारांनी वाचलं आणि मान डोलावली. निघताना म्हणाले, "कार्बनही द्या, ताई. गोपनीय काम आहे." कार्बनवर अक्षरं उमटलेली राहतात, उजेडात धरला तर वाचता येतात. मी यंत्रातून कार्बन काढून दिला. त्यांनी तो नीट घडी करून खिशात घातला आणि आईला पोह्यांबद्दल धन्यवाद देऊन गेले.

पुढचे काही महिने मी विसरून गेले. मला स्वप्नं पडली, मन खात होतं असं लिहिता आलं तर बरं दिसेल. पण तसं काही झालं नाही. मी करार टाईप केले, आईबरोबर वाल सोलले, रविवारी शेजारच्यांकडे टीव्ही बघितला. मग शेवळं आली आणि जनी आली. टोपली उतरवायच्या आधी तिनं कमरेचा कागद काढला. बाळूला पोलीस घेऊन गेले होते आणि रेल्वेनं घाट चढवून पलीकडे सोडून आले होते. दोन वर्षं रायगड, ठाणे, मुंबईत पाऊल टाकायचं नाही. कागद त्याला दिला होता, त्यानं तो जनीच्या हातात देऊन निरोप दिला होता, की टाईपवाल्या ताईकडे जा, ती वाचून सांगेल.

पायरीवर ती बसली आणि दारात उभी राहून मी वाचू लागले. तडीपारीचा हुकूम. वर प्रांतसाहेबांच्या कचेरीचं नाव, जिथे अण्णा त्या वेळी बसलेले होते. नाव बाळू वाघमारे. पहिलं पान मी सहज वाचलं, अवघड शब्द सोपे करून सांगितले. दुसऱ्या पानावर आलं : साक्षीदार अ व ब यांचे गोपनीय जबाब पाहिले. साक्षीदार ब हा विशेष विश्वासार्ह वाटतो, कारण तो म्हणतो की... आणि पुढे ते वाक्य. मी वाचत गेले. तोंड वाचत होतं, थांबता येईना. 'दहशतीमुळे पालक आपल्या पाल्यांना,' एवढं मी म्हटलं आणि उरलेलं जनीनं पुरं केलं. "साळंत पाठविन्यास धजावत नाहीत," ती म्हणाली, पोरं प्रार्थना म्हणतात तशी, खाली बघत. मग तिनं मान वर केली. "ताई, ह्ये तर आमच्या खानीच्या अर्जातलं हाय."

मला काय वाटलं ते सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. टोपलीत काकडं किती आहेत ते दिसत होतं. एका जुडीची दोरी सुटली होती. आणि मी तिला अगदी रोजच्या आवाजात सांगितलं, "सरकारी कागदात अशीच वाक्यं असतात गं. सगळीकडे तीच." तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, हा साक्षीदार ब कोण, वाडीतला की बाहेरचा? त्यानं कधी बाळूला पाहिलंय का? मी म्हटलं, त्याचं नाव सांगत नाहीत. ती म्हणाली, मग तो खोटं बोलतो हे आमी कुणाला सांगायचं? मी हुकूम घडी करून तिच्या हातात दिला. तिनं दोन जुड्या काढून ठेवल्या आणि काकडं वाटीत ओतली.

त्या दिवशीच्या भाजीत आई काकडं घालायला विसरली. सबंध आयुष्यात ती हे कधी विसरली नव्हती. वाटी भरलेली तशीच ओट्यावर होती. पहिल्या घासाला घसा खाजायला लागला, अण्णा खाकरले, मी पाणी प्यायले, आणि सगळ्यांनी भाजी संपवली. जनी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, दार उघडं होतं, तिनं सगळं ऐकलं होतं हे मला तेव्हा कळलं. जेवण होत आलं तेव्हा मी अण्णांना विचारलं, की साक्षीदार ब म्हणजे कोण असतो. ते म्हणाले, असेल कोणीतरी, पोलिसांनी जबाब घेतलाय, साहेबांनी पडताळलाय, फाईल माझ्या टेबलावरून वर गेली, सगळं रीतसर आहे. मी म्हटलं, ते वाक्य माझं आहे. शेलारांसाठी मी लिहिलं. तो माणूसच नाहीये, अण्णा.

अण्णांनी ताटात हात धुतला. ते वाईट नव्हते. कचेरीत त्यांच्या सरळपणाचे दाखले देत, आणि ते खरेच होते. त्यांनी बराच वेळ टॉवेलला हात पुसले. "ते वाक्य आता तुझं नाही, शुभा," ते म्हणाले. "आता ते सरकारचं आहे." आणि मग, माझ्याकडे न बघता म्हणाले, की त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. तेवढ्यावर सगळं थांबलं. आईनं ताटं उचलली. मला त्यांचा राग आला नाही, हे आज मला सर्वांत विचित्र वाटतं. मला हायसं वाटलं. कोणीतरी माझ्यासाठी ठरवून टाकलं होतं.

हुकुमाविरुद्ध अपील करायची मुदत तीस दिवसांची होती. जनी परत आली तेव्हा अपील मीच टाईप केलं. फार सुंदर केलं. समास सारखे, एकही खाडाखोड नाही. साक्षीदारांची नावं न दिल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला उत्तर देणं अर्जदारास अशक्य आहे, असंही त्यात घातलं. ते खरं होतं. साक्षीदार ब हा माझ्या टेबलावर, पोह्यांच्या बशीशेजारी जन्माला आला, एवढं एक वाक्य त्यात बसलं असतं तर हुकूम टिकला नसता. अपील गेल्यावरही रोज सकाळी मला वाटे, की मुदत आहे तोवर ते वेगळ्या कागदावर लिहून देईन. एकदा कागद चढवलाही होता, तारीख घातली होती. मग आईनं आतून वाल निवडायला हाक मारली आणि मी उठले. तिसाव्या दिवशी मी नेहमीसारखी जेवून दुपारी झोपले. अपील फेटाळल्याचं पत्र आलं ते दोन ओळींचं होतं.

त्यानंतरची दोन वर्षं मला सलग आठवत नाहीत. जनी पोरांना घेऊन घाटापलीकडे भट्टीवर गेली, तिथे बाळू होता. त्यांची थोरली मुलगी चौथीत होती, ती शाळेतून गेली ती गेलीच. वाडीच्या शाळेत मुळात बारा-पंधरा पोरं. त्यातलं एक घर तरी असं झालं, की पालक आपल्या पाल्यांना शाळेत पाठवू शकले नाहीत. साक्षीदार ब तेवढ्यापुरता खरा ठरला. शेलार हवालदारांची बदली झाली, जाताना ते पेढे देऊन गेले. झेरॉक्सचं दुकान निघालं आणि माझं काम कमी झालं. आजही वर्तमानपत्रात कोणाला तडीपार केल्याची बातमी आली, की गोपनीय जबाबात काय लिहिलंय ते मी आधी बघते. पुष्कळदा तिथे चांगली, घोटीव वाक्यं असतात. मी ती मोठ्यानं वाचते आणि मुलगा विचारतो, आई, काय झालं.

बाळू आला तो भर दुपारी, दोन वर्षं पुरी झाल्यावर. केस बरेच पिकले होते. दारात उभा राहिला, मी "या, बसा" म्हटल्यावर बाकावर बसला, पण पूर्वीसारखा पुढे सरकून नाही. आई आतून आली आणि त्याला चहा दिला. कप घरातलाच होता. तिनं तो मुद्दाम घेतला की हाताला तो लागला ते मी कधी विचारलं नाही. खाण आता वाडीच्या कुडापर्यंत आली होती. शाळा भेगाळून बंद झाली होती. वाडी उठवायची नोटीस लागली होती, त्यावर अर्ज द्यायचा होता. मी कागद, कार्बन, कागद असं नेहमीप्रमाणे चढवलं आणि सुरुवात केली : 'महोदय, विनम्र विनंती की.' त्यानं हात वर केला. "ह्या टायमाला मी सांगन तसंच लिवा, ताई. तुमचा शबूद नको."

मग तो सांगत गेला आणि मी टाईप करत गेले. आमी हितं आजापासून हाय. आमाला दुसरीकडं धाडू नका. दोन वर्सं मला धाडलं तवा माजी पोरगी साळंतून गेली. अवघ्या आठ-दहा ओळी. बोटं अडखळत होती, तीच बोटं, ज्यांना 'साकल्याने' कधी जड गेलं नव्हतं. त्यानं वाचून दाखवायला सांगितलं नाही. कागद घेतला आणि स्वतः वाचला, ओठ हलवत, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. मी त्या वेळात काहीतरी बोलायला हवं होतं. तो वाचत होता तेवढा वेळ होता. मी यंत्राच्या कडेची धूळ पुसत बसले.

वाचून झाल्यावर त्यानं मूळ कागद घेतला, खालची प्रत घेतली, आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.

"त्यो काला कागूद बी द्या," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी दोन प्रतींमधला कार्बन काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उजेडाकडे धरून पाहिला, चौघडी करून खिशात ठेवला, आणि काळी झालेली बोटं आमच्या चौकटीला लागू नयेत म्हणून हात अंगाशी धरून पायऱ्या उतरला.